बोरॉनच्या संयुगांतले रोटामर: या चुका टाळा

एनएमआरवर दोन रेघा दिसल्या की लगेच "रोटामर आहेत" असं लिहून मोकळं व्हायचं, ही सवय आता फारच रुजली आहे. रोटामर म्हणजे एखाद्या बंधाभोवती फिरल्यानं झालेली एकाच रेणूची वेगवेगळी रूपं. कार्बनच्या रसायनात ही घाई पुष्कळदा खपून जाते. अमाइडमध्ये नायट्रोजनावरचे दोन मिथिल वेगळे दिसले, तर बहुतेक वेळा तिथला बंध खरंच अडलेला असतो. बोरॉनमध्ये मात्र एकाच्या दोन रेघा व्हायला, किंवा दोनाची एक व्हायला, बंधाच्या फिरण्याची गरजच नसते. बोरॉन निसर्गात दोन समस्थानिकांचं मिश्रण म्हणून येतो. दोन्हींचे अणुगर्भ क्वाड्रुपोलर, म्हणजे त्यांचा विद्युतभार गोलाकार पसरलेला नसतो. शिवाय त्रिसंयुजी बोरॉनची एक कक्षा रिकामी, तिच्यात जवळ येईल तो इलेक्ट्रॉनदाता येऊन बसतो आणि मनात आलं की उठून जातो. ही तीन कारणं आधी बाद करायची आणि मग बंध फिरतोय म्हणायचं. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मसुद्यांत हा क्रम उलटा असतो, म्हणून हा लेख.

ऐंशी-वीसचा रोटामर

सगळ्यात जास्त वेळा दिसलेली आणि सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक हीच.

एक संशोधक विद्यार्थिनी बोरॉन ट्रायफ्लोराइड आणि एका ॲरोमॅटिक आल्डिहाइडचा ॲडक्ट (दोन रेणू जोडून झालेलं संयुग) घेऊन आली होती. फ्लोरिन-१९ च्या वर्णपटात दोन रेघा, अगदी शेजारी शेजारी, एक मोठी आणि एक छोटी. इंटिग्रेशन, म्हणजे रेघांखालच्या क्षेत्रफळांचं प्रमाण, जवळजवळ ८० ला २०. तिनं पोस्टरचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं होतं: सिन आणि अँटी रोटामरांचा समतोल. आकृत्या देखण्या होत्या, बाण वगैरे काढलेले.

मी विचारलं, "उणे पंच्याहत्तरला प्रमाण किती?"

"तेवढंच आहे, मॅडम. म्हणजे दोन्हींच्या एन्थाल्पीत फरकच नाही."

उत्तर चलाख होतं, पण चूक. खोलीच्या तापमानाला ८० ला २० म्हणजे मुक्त ऊर्जेत साधारण ३.४ किलोज्यूल प्रतिमोल फरक. तो एन्थाल्पीतून आलेला असेल तर उणे ७५ अंशांना प्रमाण ८९ ला ११ च्या आसपास सरकायला हवं. एन्थाल्पीतला फरक शून्य धरायचा तर सगळा भार एन्ट्रॉपीवर येतो, आणि दोन साध्या रोटामरांमध्ये बरोब्बर चारास एक एवढी एन्ट्रॉपी आणायची कुठून? पुढचा प्रश्न त्याहून सोपा होता: प्रोटॉनच्या वर्णपटात आल्डिहाइडचा हायड्रोजन किती ठिकाणी दिसतो? एकाच ठिकाणी. तीसुद्धा सगळ्या तापमानांना एकच, टोकदार रेघ.

ती छोटी रेघ बोरॉन-१० ची होती. निसर्गातल्या बोरॉनमध्ये बोरॉन-११ सुमारे ८० टक्के आणि बोरॉन-१० सुमारे २० टक्के असतो. फ्लोरिनच्या शेजारी यातला कोणता बसला आहे त्यावरून फ्लोरिनची जागा सुमारे ०.०५ पीपीएमनं हलते आणि जड समस्थानिकाची रेघ किंचित वरच्या क्षेत्राकडे पडते. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर हे अंतर जेमतेम १९-२० हर्ट्झ. टेट्राफ्लोरोबोरेटच्या कुठल्याही साध्या मिठात ही जोडी दिसते, आणि तिथं तर फिरायला काही नसतंच! पोस्टर मागं घेतलं गेलं. मुलगी हुशार होती, पुढं तिनं चांगलं काम केलं. पण ते शीर्षक ठरवण्याआधी कुणी तिला टेट्राफ्लोरोबोरेटचा वर्णपट काढायला सांगितला नव्हता, याचा राग मला अजून येतो. काम दहा मिनिटांचं असतं.

यावर काही जण म्हणतात की दुसऱ्या क्षेत्राच्या यंत्रावर बघू, अंतर बदललं तर रोटामर. याचा इथं काही उपयोग नाही. समस्थानिकामुळं होणारं सरकणंही रासायनिक सरकणंच असतं, तेही क्षेत्राबरोबर हर्ट्झमध्ये वाढतं. यंत्र बदलून फसवणूक फक्त रुंद होते.

इन्फ्रारेडमध्ये हाच घोटाळा आणखी ऐटीत होतो. बोरॉन हलका, त्यामुळं एका न्यूट्रॉनच्या फरकानं कंपनाची वारंवारता चांगलीच बदलते. वायुरूप बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉन-फ्लोरिन ताणाची असममित पट्टी बोरॉन-११ साठी १४५४ आणि बोरॉन-१० साठी १५०५ प्रतिसेंटिमीटरच्या आसपास येते. पन्नासाचं अंतर! ज्याला हे ठाऊक नाही तो "गॉशची पट्टी, ट्रान्सची पट्टी" अशी नावं देऊन मोकळा होतो आणि तीव्रतेच्या गुणोत्तरावरून एन्थाल्पीसुद्धा काढतो. कार्बन-बोरॉन किंवा बोरॉन-ऑक्सिजनच्या पट्ट्यांतही एकास चार अशी जोडी दिसली की पहिला संशय समस्थानिकावर घ्यायचा. सगळ्या पट्ट्या सारख्या फुटत नाहीत. ज्या कंपनात बोरॉन स्वतः जास्त हलतो तीच फुटते. गॉश-ट्रान्सची जोडी तशी नसते, ती सांगाड्याच्या वाकण्यातही दिसते आणि तापमानाबरोबर तिचं प्रमाण बदलतं.

माझी पद्धत महागडी आहे, पण वाद मिटवते: शंका राहिलीच तर बोरॉन-१० नं समृद्ध बोरिक ॲसिडपासून तेच संयुग एकदा बनवायचं. न्यूट्रॉन शोषून घेण्याच्या गुणामुळं ते विकत मिळतं. जोडीतली एक रेघ गेली तर ती समस्थानिकाची, दोन्ही राहिल्या तर पुढं बोलू. "एवढी खटपट कोण करतो" असं विचारणाऱ्यांनी निदान प्रोटॉन, फ्लोरिन आणि कार्बन या तिन्ही वर्णपटांत प्रमाण सारखं येतंय का, एवढं तरी बघावं.

ॲडक्टमध्ये फिरणं आणि तुटणं यांतला फरक न करणं

बोरेनवर अमाइन किंवा फॉस्फिन जोडून जो ॲडक्ट होतो, त्यातला बोरॉन-नायट्रोजन बंध कागदावर एकेरी दिसतो. थंड केल्यावर मिथिलच्या रेघा फुटल्या, गरम केल्यावर जुळल्या, तर विद्यार्थी लिहितो: बोरॉन-नायट्रोजन बंधाभोवती फिरण्याचा अडसर (ओलांडावी लागणारी ऊर्जा) ६५ किलोज्यूल.

इथं मी पेन खाली ठेवते.

अमोनिया-बोरेन हा या घराण्यातला सगळ्यात साधा ॲडक्ट. त्यातल्या फिरण्याचा अडसर मायक्रोवेव्हनं मोजलेला आहे, सुमारे २.०५ किलोकॅलरी, म्हणजे ८.६ किलोज्यूल प्रतिमोल. ईथेनच्या सुमारे १२ पेक्षाही कमी, कारण बोरॉन-नायट्रोजन बंध लांब आहे आणि दोन्ही टोकांचे हायड्रोजन एकमेकांपासून दूर आहेत. एनएमआरला साधारण २५ किलोज्यूलच्या खालचं काही दिसत नाही. म्हणजे अशा ॲडक्टात फिरणं एनएमआरवर दिसायचं तर दोन्ही बाजूंना दाटी हवी, आणि भरपूर हवी.

आता मौज बघा. दाटी वाढवली की फिरणं जड होतं हे खरं, पण त्याच दाटीनं बंधही सैल होतो. एच. सी. ब्राउन यांच्या गटानं १९४० च्या दशकात ट्रायमिथिलबोरेनचे ॲडक्ट वायुरूपात मोजले. विघटनाची उष्णता अमोनियाला सुमारे १३.८ किलोकॅलरी, मिथिलअमाइनला १७.६, डायमिथिलअमाइनला १९.३, आणि ट्रायमिथिलअमाइनला पुन्हा खाली, १७.६. तिसरा मिथिल आला आणि दाटीनं सगळी वाढ खाऊन टाकली. १७.६ किलोकॅलरी म्हणजे ७४ किलोज्यूल. जुळण्याला स्वतंत्र अडसर जवळपास नसतो आणि तुटताना एन्ट्रॉपी वाढते, त्यामुळं तुटण्याचा मुक्त ऊर्जेतला अडसर त्याहून खाली, थेट एनएमआरच्या खिडकीत येऊन बसतो. म्हणजे ज्या दाट ॲडक्टात फिरणं दिसण्याची आशा, तोच ॲडक्ट त्याच तापमानाला तुटून जुळत असतो. रेघा जुळण्याचं कारण यांतलं कोणतं, हे रेघा सांगत नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "संहती बदलली, वेग बदलला नाही. म्हणजे प्रक्रिया रेणूच्या आतलीच."

नाही. आधी तुटायचं आणि मग जुळायचं अशी वाट असेल आणि तुटणं हीच संथ पायरी असेल, तर तो वेगही संहतीवर अवलंबून नसतो. ही चाचणी फक्त दुसरा दाता मागून येऊन पहिल्याला ढकलतो ती वाट बाद करते. अर्ध्याहून जास्त मसुदे इथंच अडतात आणि त्यांच्या लेखकांना मी छिद्रान्वेषी वाटते. वाटू दे.

मी असं करते. ॲडक्टात थोडा मोकळा अमाइन मुद्दाम घालते आणि ज्या तापमानाला "रोटामर" जुळतात त्याच तापमानाला मोकळ्या आणि बांधलेल्या अमाइनची देवाणघेवाण होते का, हे एक्सी प्रयोगात (देवाणघेवाण दाखवणाऱ्या द्विमितीय एनएमआरमध्ये) बघते. दोन्हींत आडव्या ठिपक्यांची जोडी दिसली आणि दोन्ही वेग सारख्याच पातळीचे निघाले, तर फिरण्याची गोष्ट तिथंच संपली. लहान रेणूंत देवाणघेवाणीचे ठिपके कर्णरेषेच्याच चिन्हाचे असतात आणि एनओईचे, म्हणजे नुसत्या जवळिकीमुळं दिसणारे, उलट चिन्हाचे. रंग न बघता ठिपके मोजणारेही मला भेटले आहेत. दुसरी चाचणी अदलाबदलीची. दोन वेगळे ॲडक्ट, दोन्हींत बोरेनही वेगळा आणि अमाइनही वेगळा, एकत्र मिसळायचे आणि मिश्र ॲडक्ट किती वेळात दिसतात ते बघायचं. फॉस्फिन-बोरेनमध्ये आणखी एक सोय आहे. फॉस्फरसची रेघ बोरॉन-११ मुळं समान उंचीच्या चार भागांत फुटते. रेघा जुळण्याच्या तापमानाला ती जोडणी (बोरॉनमुळं रेघ फुटण्याचा परिणाम) टिकून राहिली तर बंध अखंड आहे. उलटा निष्कर्ष मात्र काढू नका: जोडणी दिसेनाशी झाली म्हणजे बंध तुटला असं नाही. ते पुढच्या भागात येतंच आहे.

सक्रियणाच्या एन्ट्रॉपीकडेही बघा. रेणूच्या आतल्या साध्या फिरण्यात ती शून्याच्या आसपास असते. चांगली मोठी धन आली तर तुटणं समोर आहे. मोठी ऋण आली तर बहुधा तुमच्या रेषारूप-जुळवणीचा (मोजलेल्या रेघेवर गणिती रेघ बसवण्याचा) तापमानाचा पल्ला अपुरा आहे आणि ती संख्या तुम्हाला काहीच सांगत नाही.

वलयात अडकवलेला नायट्रोजन-बोरॉन बंध असेल, म्हणजे फिनिलबोरॉनिक एस्टरच्या ऑर्थो जागेवर अमिनोमिथिल गट वगैरे, तर नायट्रोजनावरचे दोन मिथिल एकमेकांची जागा घ्यायला आधी बोरॉन सुटावा लागतो, मग नायट्रोजन उलटतो किंवा कार्बन-नायट्रोजन बंध फिरतो, आणि मग बोरॉन परत पकडतो. ओकी आणि तोयोता यांनी अशा रेणूंत रेघांच्या जुळण्यावरून बोरॉन-नायट्रोजन बंध सुटण्याचा अडसर मोजला, आणि त्याला तेच नाव दिलं. त्याच संख्येला "फिरण्याचा अडसर" म्हणणारे लेख वाचले की वाटतं, आकृती लेखकानं स्वतः काढली की कुणाकडून मागून आणली?

आल्डिहाइडच्या ॲडक्टांतही हीच तऱ्हा. कार्बोनिल ऑक्सिजनवर बोरॉन ट्रायफ्लोराइड हायड्रोजनच्या बाजूला बसतो हे बेंझाल्डिहाइडच्या ॲडक्टच्या स्फटिकरचनेत १९८६ मध्ये दाखवलं गेलं. तो दुसऱ्या बाजूला जायचा तर कुठलाही एकेरी बंध फिरून ते होत नाही. ऑक्सिजनवरचा कोन सरळ होऊन उलटावा लागतो किंवा ॲडक्ट तुटून दुसऱ्या एकाकी जोडीवर जुळावा लागतो. "रोटामर" हा शब्द तिथं मुळातच सैल आहे. वापरायचाच तर वाट कोणती ते लिहून वापरा.

क्वाड्रुपोलचा खेळ कोअलेसन्स समजणं

अमाइन-बोरेनमधल्या बोरॉनवरचे हायड्रोजन घ्या. बोरॉन-११ चा स्पिन ३/२, त्यामुळं त्यांची रेघ सुमारे १०० हर्ट्झ अंतरानं समान उंचीच्या चार भागांत फुटते, आणि खाली बोरॉन-१० च्या सात रेघांचा बुटका पसारा असतो. थंड केलं की काय होतं? द्रावण घट्ट होतं, रेणूचं लोळणं मंदावतं, क्वाड्रुपोलर बोरॉनचं शिथिलन वेगवान होतं आणि प्रोटॉनला बोरॉनची जोडणी दिसेनाशी होते. चार रुंद रेघांची एक रेघ होते. नवशिका म्हणतो कोअलेसन्स झाला, म्हणजे देवाणघेवाणीनं रेघा जुळल्या.

दिशा बघा! देवाणघेवाणीत थंड केल्यावर रेघा फुटतात. इथं थंड केल्यावर जुळतात. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मे घोटाळे टळतील. उरलेले निम्मे मधल्या तापमानाचे असतात, जिथं रेघ नुसतीच रुंद दिसते आणि ती कुठल्या कारणानं रुंद आहे हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी बोरॉन-११ डिकपल करून (त्याची जोडणी यंत्रानं बंद करून) प्रोटॉनचा वर्णपट घ्या, आणि तो प्रत्येक तापमानाला घ्या. एकदाच, खोलीच्या तापमानाला घेऊन "तपासलं" असं लिहू नका. डिकपल केल्यावर जी रुंदी उरते तीच देवाणघेवाणीच्या हिशोबात धरायची. यंत्रावर ती सोय नसेल तर बोरॉनपासून तीन-चार बंध दूरचा प्रोटॉन निवडा. नायट्रोजनावरचे मिथिल पुष्कळदा चालतात, बोरॉनला चिकटलेला हायड्रोजन कधीच नाही.

बोरॉन-११ च्या वर्णपटात रोटामर मोजायला जाऊ नका. त्रिसंयुजी बोरॉनची रेघ शेकडो हर्ट्झ रुंद असते, तिच्या पोटात दोन रोटामर सहज झोपून जातात. बोरॉन-११ वरून बोरॉनला तीन शेजारी की चार, एवढं मात्र छान कळतं, आणि ते आधी बघून घ्यायलाच हवं.

चुकीचा रेणू निवडणं

डायमिथिलअमिनो-डायमिथिलबोरेनमध्ये बोरॉन-नायट्रोजन बंध गोठला तरी नायट्रोजनावरचे दोन्ही मिथिल सारखेच राहतात, कारण बोरॉनवरचे दोन्ही गट सारखे आहेत. तिथं कितीही थंड करा, काही फुटणार नाही. "उणे ९० पर्यंत एकच रेघ, म्हणजे फिरणं मुक्त" असा निष्कर्ष याच रेणूवर काढलेला मी वाचला आहे. बोरॉनवर दोन वेगळे गट हवेत: एकीकडे फिनिल, दुसरीकडे क्लोरीन किंवा मिथिल. रेणू बनवण्याआधी कागदावर सममिती तपासायला काही खर्च येत नाही.

याचं चुलत भावंड म्हणजे योगायोगानं जुळलेल्या रेघा. दोन मिथिल वेगळे असूनही क्लोरोफॉर्ममध्ये एकाच जागी पडू शकतात. बेंझीन किंवा टोल्युइनमध्ये घाला, बहुतेक वेळा वेगळे होतात.

कोअलेसन्स तापमानाची पूजा

कोअलेसन्स तापमान हा रेणूचा गुणधर्म नाही. पुन्हा लिहिते: नाही. समजा दोन समान प्रमाणातल्या रेघांत ४० हर्ट्झ अंतर आहे आणि त्या ३२० केल्विनला जुळतात. अंतराला २.२२ नं गुणलं की त्या तापमानाचा वेग मिळतो, सेकंदाला सुमारे ८९. आयरिंगच्या समीकरणातून अडसर येतो ६६.६ किलोज्यूल. तोच नमुना ४०० ऐवजी ६०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर ठेवला तर अंतर ६० हर्ट्झ होतं आणि रेघा ३२५ केल्विनच्या आसपास जुळतात. अडसर तोच. तरीही "आमच्या रेणूचं कोअलेसन्स तापमान आधीच्या लेखापेक्षा पाच अंशांनी जास्त, म्हणून अडसर मोठा" असं लिहिलं जातं, यंत्र कोणतं होतं ते न बघता.

२.२२ चा गुणक समान प्रमाणासाठीच आहे. एका मिथिलची दुसऱ्याशी अदलाबदल असेल तर ठीक. दोन वेगळ्या रोटामरांचं प्रमाण ७० ला ३० असेल तर तो वापरू नका, पूर्ण रेषारूप जुळवा. आणि ते अंतर जुळण्याच्या जवळ मोजू नका. तिथं रेघा आधीच एकमेकींकडे सरकलेल्या असतात. बरंच खाली जाऊन तीन-चार तापमानांना अंतर मोजायचं आणि वर वाढवत न्यायचं, कारण अंतर स्वतःही तापमानाबरोबर बदलतं. तसं अंतर दुपटीनं चुकलं तरी वरच्या उदाहरणात अडसर फक्त १.८ किलोज्यूलनं चुकतो, तापमान दोन अंशांनी चुकलं तर ०.४ नं. म्हणून मुक्त ऊर्जेचा अडसर सहसा विश्वासार्ह असतो आणि एन्थाल्पी-एन्ट्रॉपीची वाटणी सहसा नसते. ज्यांना दशांशानंतर दोन आकडे लिहायची हौस आहे त्यांनी हे वाक्य परत वाचावं.

यंत्राच्या पडद्यावरचं तापमान म्हणजे नमुन्याचं तापमान नव्हे. थंडीत मिथेनॉल, गरमीत इथिलीन ग्लायकॉल लावून मापन सुधारून घ्या. तापमान बदलल्यावर थांबा. मी दहा-पंधरा मिनिटं थांबते, आणि जे थांबत नाहीत त्यांचे आलेख मला लांबून ओळखता येतात: चढताना एक वाट, उतरताना दुसरी.

द्रावकाला निरुपद्रवी समजणं

अमिनोबोरेनमधला अडसर कशातून येतो? नायट्रोजनाची एकाकी जोडी बोरॉनच्या रिकाम्या कक्षेत झुकते आणि बंधाला थोडा दुहेरीपणा येतो. त्या कक्षेत टेट्राहायड्रोफ्युरानचा ऑक्सिजन येऊन बसला, तर दुहेरीपणा गेला आणि अडसरही कोसळला. बोरॉनवर दुसरा अमिनो गट असला तरी असंच होतं. दोघांनी एकच रिकामी कक्षा वाटून घ्यायची, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. ईथर, टेट्राहायड्रोफ्युरान, डायमिथिल सल्फॉक्साइड हे सगळे दाते आहेत. मी थंडीसाठी ड्युटेरेटेड डायक्लोरोमीथेन आणि गरमीसाठी टोल्युइन वापरते, आणि दोन्हींत निकाल जुळला तरच बोलते.

क्लोरोफॉर्ममधला ॲसिडचा अंश वेगळाच त्रास देतो. नायट्रोजनावर प्रोटॉन बसला की बोरॉनला द्यायला त्याच्याकडे जोडी उरत नाही आणि बंध मोकळा फिरतो. एकाच नमुन्याचा अडसर दोन बाटल्यांतल्या क्लोरोफॉर्ममध्ये वेगळा आला तर यंत्राला दोष देऊ नका, बाटलीला द्या.

बोरॉनिक ॲसिडांत तर पाण्याचाच हिशोब असतो. कोरड्या क्लोरोफॉर्ममध्ये ॲसिडचे तीन रेणू पाणी गमावून बोरॉक्सिनचं वलय करतात आणि ॲरोमॅटिक रेघांचे दोन संच दिसतात. ते बोरॉन-कार्बन बंधाचे रोटामर नसतात. जड पाण्याचा एक थेंब टाकून हलवा: ॲसिडचा संच वाढला, दुसरा घटला, विषय संपला.

एकच सिग्नल म्हणजे एकच रोटामर?

एनएमआरचा शटर फार संथ आहे. अडसर १५ किलोज्यूल असेल तर कितीही थंड करा, तुम्हाला सरासरीच दिसणार. इन्फ्रारेड आणि रामनला मात्र दोन्ही रोटामर एकाच वेळी वेगळे दिसतात. अल्किलबोरेनमधल्या कार्बन-बोरॉन बंधाचं फिरणं बहुतेक याच वर्गात मोडतं. टोकाचं उदाहरण मिथिलडायफ्लोरोबोरेन: तीन हायड्रोजनांच्या मिथिलसमोर सपाट दोन फ्लोरिनांचा गट, त्यामुळं एका फेरीत सहा सारख्या दऱ्या. १९५७ मध्ये मायक्रोवेव्हनं मोजलेला अडसर फक्त १४ कॅलरी प्रतिमोलच्या घरात. किलोकॅलरी नव्हे, कॅलरी. ईथेनच्या तुलनेत सुमारे दोनशेवा हिस्सा.

दोन रोटामरांमधली एन्थाल्पी हवी असेल तर द्रवरूप झेनॉन किंवा क्रिप्टॉनमध्ये विरघळवून वेगवेगळ्या तापमानांना पट्ट्यांची तीव्रता मोजायची जुनी रीत आहे. कष्टाची आहे, पण त्या द्रावकात बोरॉनशी गुंतणारं काही नसतं, हा फायदा मोठा. पट्ट्यांच्या दोन-तीन वेगळ्या जोड्या घेऊन काढलेला उतार जुळायला हवा. एकाच जोडीवर आलेख काढून थांबणाऱ्यांनी बहुधा समस्थानिकाची पट्टी पकडलेली असते.

स्फटिकाला अंतिम साक्षीदार मानणं

स्फटिकात जो रोटामर सापडला तो नीट रचता आला म्हणून सापडला. द्रावणातही तोच सर्वात स्थिर असेल याची हमी नाही. फिनिलबोरॉनिक ॲसिडच्या स्फटिकात दोन हायड्रॉक्सिलांपैकी एक आत, एक बाहेर अशी मांडणी दिसते, कारण रेणू हायड्रोजन बंधांनी जोडीनं बसलेले असतात. त्यातही दोन स्वतंत्र रेणूंचं बेंझीन वलय बोरॉनच्या प्रतलाशी वेगवेगळ्या कोनात वळलेलं आहे, एकात सुमारे ७ अंश, दुसऱ्यात २१. एकाच स्फटिकात दोन उत्तरं असतील तर द्रावणाबद्दल काय सांगणार?

ॲडक्टांत तर फरक थक्क करणारा असतो. हायड्रोजन सायनाइड आणि बोरॉन ट्रायफ्लोराइडच्या ॲडक्टात बोरॉन-नायट्रोजन अंतर वायुरूपात २.४७ अँगस्ट्रॉम, स्फटिकात १.६४. ॲसिटोनायट्राइलच्या ॲडक्टात २.०१ आणि १.६३. नुसते शेजारी रेणू आले आणि बंध एवढा आखडला. स्फटिकातली भूमिती उचलून त्यावर "वायुरूप अडसर" मोजणाऱ्यांना ही दोन उदाहरणं मी नेहमी पाठवते. उत्तर क्वचितच येतं.

गणिताचा आडोसा

कोन १० अंशांनी फिरवत ऊर्जा काढायची, बाकी सगळी भूमिती गोठवून ठेवायची आणि सर्वोच्च बिंदूला अडसर म्हणायचं. या शॉर्टकटनं दाट रेणूंत अडसर सर्रास फुगतो. प्रत्येक पायरीला भूमिती सैल सोडा, दोन्ही दिशांनी फिरवून बघा (आलेख जुळला नाही तर दुसरा कुठला तरी कोन गुपचूप बदलला आहे), आणि शेवटी संक्रमण-अवस्थेची खरी गणना करून एकच काल्पनिक वारंवारता आहे ना ते तपासा. ती वारंवारता पडद्यावर हलवून बघा, जो बंध फिरायला हवा तोच फिरतोय का. दाट ॲडक्टांसाठी विक्षेपण-सुधारणा (दुबळ्या आकर्षणाची भर) न लावलेलं बी३लिप हे गणनेचं सूत्र वापरू नका, ते बोरॉन-नायट्रोजन बंध असतो त्याहून सैल दाखवतं. आणि तुटण्याच्या वाटेची गणनाही करा. फक्त फिरण्याची वाट मोजली तर तीच कमी ऊर्जेची ठरणार, स्पर्धकच नाही.

ट्रायअरिलबोरेनमध्ये एकच वलय फिरतं असं धरून चालू नका. तिन्ही वलयं पंख्याच्या पात्यांसारखी वळलेली असतात आणि एकमेकांना धरून हलतात. मिस्लो यांच्या गटानं १९७३ मध्ये दाखवलं की सर्वात सोपी वाट दोन वलयांच्या एकत्र पलटण्याची आहे: दोन पाती मधल्या प्रतलाला काटकोनात येऊन पुढं जातात, तिसरं प्रतलात सपाट होऊन जातं, आणि पंख्याची दिशा उलटते.

एकेका ओळीच्या

बोरॉनला जोडलेला कार्बन कार्बन-१३ मध्ये दिसला नाही म्हणून संयुग बनलंच नाही असं समजू नका. रेघ रुंद होऊन बुडालेली असते.

रोटामर वेगळे करून बाटलीत ठेवले असा दावा करण्याआधी अर्धायुष्य काढा. ओकी यांच्या निकषाला, म्हणजे १००० सेकंदांच्या अर्धायुष्याला, ३०० केल्विनवर ९२-९३ किलोज्यूल लागतात, ६६ नाही.

सिन-अँटी, ई-झेड, आत-बाहेर यांतली एकच पद्धत निवडा आणि पहिल्या आकृतीत ती काढून दाखवा.

बोरॉन-११ च्या वर्णपटात शून्याच्या आसपास पसरलेला उंचवटा तुमचा चतुःसंयुजी रोटामर नाही, ती नळीची काच आहे. क्वार्ट्झची नळी घ्या किंवा रिकाम्या नळीचा वर्णपट वजा करा.

छोटे ट्रायअल्किलबोरेन हवेत आपोआप पेटतात, त्यामुळं बंद नळीत गरम करताना नळी अर्ध्याहून कमी भरा, द्रावकाच्या उकळबिंदूवर डोळा ठेवा, आणि नळी यंत्रात सोडण्याआधी संरक्षक आवरणात बाहेर एकदा त्याच तापमानाला तापवून बघा. एनएमआरच्या प्रोबमध्ये फुटलेली नळी साफ करायला कुणीही आनंदानं येत नाही.